भारताचा १७ वर्षांखालील फुटबॉल संघ : २०१७ चा विश्वचषक आणि त्यापुढचा हिशेब

धागाकर्ता : उजवी बगल

२०१७ च्या ऑक्टोबरमध्ये १७ वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात झाला आणि यजमान म्हणून मिळालेल्या जागेमुळे भारताचा फुटबॉल संघ फिफाच्या विश्वचषकात पहिल्यांदा मैदानात उतरला. त्या संघाची कामगिरी एका ओळीत मावते : अमेरिकेकडून ०-३, कोलंबियाकडून १-२, घानाकडून ०-४ आणि गटात शेवटचा क्रमांक. तेव्हापासून युवा फुटबॉलचा विषय निघाला की हीच ओळ पुढे केली जाते आणि ‘आपली पोरं त्या दर्जाची नाहीतच’ असा निकाल लावून मंडळी मोकळी होतात. माझ्या मते हा निकाल चुकीच्या पुराव्यावर दिलेला आहे. सोळा-सतरा वर्षांचा भारतीय मुलगा आशियातल्या बऱ्या संघांच्या फार मागे नसतो. तो मागे पडतो त्यानंतरच्या तीन वर्षांत, आणि त्याची साक्ष विश्वचषकातल्या तीन सामन्यांपेक्षा आशियाई स्पर्धांच्या नोंदी अधिक स्पष्टपणे देतात.

तरीही सुरुवात त्या तीन सामन्यांपासूनच करावी लागेल, कारण ते नीट पाहिलेले लोक कमी आणि धावफलक पाठ असलेले जास्त आहेत. तिन्ही सामने दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर झाले. अमेरिकेविरुद्ध जॉश सार्जंटच्या पेनल्टीने आणि उत्तरार्धात ख्रिस डर्किनच्या गोलने आपण ०-२ असे मागे होतो. शेवटची काही मिनिटे उरली असताना भारताला कॉर्नर मिळाला, चेंडू बचावपटू अन्वर अलीकडे आला आणि त्याचा जोरदार फटका क्रॉसबारवर आदळून परतला. आपले बहुतेक खेळाडू पुढे गेलेले असल्याने मागे मैदान मोकळे होते. तोच चेंडू घेऊन अमेरिकेने प्रतिहल्ला केला आणि अँड्र्यू कार्लटनने तिसरा गोल नोंदवला. १-२ होता होता ०-३ झाले.

कोलंबियाविरुद्धचा सामना तर याहून जवळचा होता. मध्यंतराच्या तोंडावर राहुल के. पी. याचा फटका खांबाला लागला. उत्तरार्ध सुरू होताच हुआन पेन्यालोसाने गोल केला, पण ८२ व्या मिनिटाला संजीव स्टालिनच्या कॉर्नरवर मणिपूरच्या जीक्सन सिंगने उंच उडी घेऊन हेडर मारला आणि फिफाच्या विश्वचषकातला भारताचा पहिला गोल झाला. प्रेक्षक अजून खाली बसलेही नव्हते, तोच पुढच्या मिनिटाला पेन्यालोसाने पुन्हा गोल केला. घानाविरुद्धही ८५ मिनिटांपर्यंत फरक दोनच गोलांचा होता. मग ८६ आणि ८७ व्या मिनिटाला दोन गोल झाले. एकूण नऊपैकी चार गोल आपण ८० व्या मिनिटानंतर स्वीकारले. याचा अर्थ त्या संघाला चेंडू खेळता येत नव्हता असा होत नाही, तर पूर्ण नव्वद मिनिटे त्या वेगाने खेळण्याची आणि गोल झाल्यावर लगेच भानावर येण्याची सवय त्याला नव्हती असा होतो. ही सवय शिबिरात लागत नाही, ती चुरशीच्या सामन्यांतूनच लागते. आणि गट सोपा नव्हता, हेही ध्यानात घ्यावे : घाना, कोलंबिया आणि अमेरिका या तिघांचेही गुण सहा-सहा झाले होते.

आता आशियाई नोंदी. २०१८ मध्ये मलेशियातल्या १६ वर्षांखालील आशियाई स्पर्धेत प्रशिक्षक बिबियानो फर्नांडिस यांच्या भारतीय संघाने व्हिएतनामला १-० असे हरवले, इराण आणि यजमानांइतकाच पाठिंबा मिळवणारा इंडोनेशिया यांना गोलशून्य बरोबरीत रोखले आणि सोळा वर्षांनी उपांत्यपूर्व फेरी गाठली. तिथे दक्षिण कोरियाने ०-१ असे हरवले. तो एक सामना जिंकला असता, तर हा संघ यजमानपदाच्या कुबडीशिवाय २०१९ च्या विश्वचषकात गेला असता. साखळीतल्या तीन सामन्यांत त्याने एकही गोल स्वीकारला नव्हता. इराणविरुद्ध गोलरक्षक नीरज कुमारने पेनल्टीसुद्धा अडवली होती.

याच्या शेजारी २० वर्षांखालील संघाची नोंद ठेवून पाहावी. २००६ मध्ये ही आशियाई स्पर्धा भारतातच झाली होती. त्यानंतर आपण तिथे पुन्हा पोहोचलेलो नाही. २०२२ च्या पात्रता फेरीत कुवेतला हरवले, पण इराककडून २-४ आणि ऑस्ट्रेलियाकडून १-४ अशी हार पत्करली. २३ वर्षांखालील आशियाई चषकाला तर भारत एकदाही पात्र ठरलेला नाही. सतराव्या वर्षी इराणला बरोबरीत रोखणारी पिढी विशीपर्यंत कुठे जाते, हा माझा प्रश्न आहे. जाणकारांनी मते मांडावीत.

पॅव्हेलियन यांचा प्रतिसाद

लेख अभ्यासपूर्ण आहे, परंतु निष्कर्षाला माझी हरकत आहे. २०१८ च्या संघाने चार सामन्यांत मिळून एकच गोल केला, आणि तोही विक्रम प्रताप सिंगने पेनल्टीवर. दहा जणांनी खाली बसून बचाव केला की सतराव्या वर्षी कोणालाही रोखता येते, कारण त्या वयात समोरच्या आघाडीपटूंनाही बंद दार उघडण्याचे कसब आलेले नसते. विशीत ते कसब येते आणि आपले पितळ उघडे पडते. म्हणजे तीन वर्षांत काही बिघडत नाही. जे आधीपासून नव्हते ते तेव्हा दिसू लागते. २०२३ मध्ये थायलंडला झालेली १७ वर्षांखालील आशियाई स्पर्धा घ्या : व्हिएतनामशी १-१, उझबेकिस्तानकडून ०-१ आणि मोकळे खेळायला गेल्यावर जपानकडून ४-८.

दुसरे असे की, आपल्याकडच्या विजयांच्या बातम्या जरा पारखून घेण्याची गरज असते. मे २०१७ मध्ये भारताच्या १७ वर्षांखालील संघाने इटलीला २-० असे हरवल्याची बातमी देशभर झळकली होती. अनेकांनी आनंद व्यक्त केला, आणि मग कळले की तो इटलीचा राष्ट्रीय संघ नव्हता, तर तिथल्या खालच्या श्रेणीतल्या क्लबांमधून निवडलेला संघ होता. मुलांनी सामना जिंकला होता, यात शंका नाही. पण ज्या भारतीय फुटबॉल महासंघाला आपण कोणाला हरवले हेच नीट सांगता येत नाही, त्याच्या आकडेवारीवर इमारत किती उंच बांधायची?

उजवी बगल यांचा उपप्रतिसाद

इटलीचे प्रकरण लाजिरवाणे होते, त्याबद्दल दुमत नाही. म्हणूनच वर मी एकही मैत्रीपूर्ण सामना पुराव्यात घेतलेला नाही. जपानविरुद्धच्या सामन्याबाबत मात्र मी उलटा विचार करतो. त्या जपानने पुढे ती स्पर्धा जिंकली आणि अंतिम सामन्यात कोरियाला ३-० असे हरवले. त्या जपानला चार गोल करणारा संघ केवळ दार लावून बसणारा नव्हता. ज्या उझबेकिस्तानकडून आपण एका गोलने हरलो, त्यानेच त्याच वर्षी इंडोनेशियातल्या विश्वचषकात इंग्लंडला २-१ असे घरी पाठवले. त्याच्या आधीच्या तुकडीतही, सप्टेंबर २०१९ मध्ये ताश्कंदच्या पात्रता फेरीत, आपण तुर्कमेनिस्तान आणि बहारीनला प्रत्येकी ५-० असे हरवून यजमान उझबेकिस्तानशी १-१ बरोबरी केली होती आणि गटात पहिला क्रमांक मिळवला होता. ज्या स्पर्धेसाठी हा संघ पात्र ठरला ती करोनामुळे आधी पुढे ढकलली गेली आणि अखेर रद्दच झाली. त्या मुलांच्या वाट्याला एकही सामना आला नाही. माझ्या मते अलीकडच्या काळातली ती आपली सर्वांत तयार तुकडी होती, आणि तिच्या नावापुढे नोंदवह्यांत कोरी जागा आहे.

उझबेकिस्तानचा वरिष्ठ संघ २०२६ च्या विश्वचषकाला पात्र ठरला. सतराव्या वर्षी जे आपल्याशी बरोबरीत सुटत होते ते तिथवर गेले आणि आपण आशियाई चषकाच्या पात्रतेसाठी धडपडत राहिलो. ही दरी सतराव्या वर्षी एवढी मोठी नव्हती, इतकेच मला दाखवायचे आहे.

पंचगंगा यांचा प्रतिसाद

कोल्हापूरकर म्हणून लिहिल्यावाचून राहवत नाही. २०१७ च्या त्या संघात आमचा अनिकेत जाधव होता. क्रीडा प्रबोधिनीत आणि पुण्याच्या अकादमीत घडलेला हा आघाडीपटू कोल्हापूरच्या मातीतला पहिला विश्वचषक खेळाडू, आणि त्या दिवसांत इथल्या पेठापेठांत त्याचे फलक लागले होते. विश्वचषक संपल्यावर महिनाभरात इंडियन ॲरोज या नावाने त्याच मुलांचा संघ आय-लीग या क्लबांच्या राष्ट्रीय साखळीत उतरवला गेला. गोव्यात बांबोळीला झालेल्या पहिल्याच सामन्यात या संघाने चेन्नई सिटीला ३-० असे हरवले आणि त्यातले दोन गोल अनिकेतचे होते. पुढे इंग्लंडमध्ये ब्लॅकबर्न रोव्हर्सकडे सरावाची संधी, इंडियन सुपर लीग, २०२१-२२ चे विजेतेपद मिळवणारा हैदराबादचा संघ, असा त्याचा प्रवास झाला. पण आघाडीपटू म्हणून निवडलेल्या मुलाला पुढे सलग किती सामन्यांत त्याच जागी खेळायला मिळाले, हे ज्याने त्याने तपासून पाहावे. आपल्या क्लबांत गोल करण्याचे काम परदेशी खेळाडूकडे असते; अठरा-एकोणीस वर्षांचा भारतीय आघाडीपटू एकतर बगलेवर ढकलला जातो किंवा राखीव बाकावर बसतो.

हाच प्रकार आमच्याकडे लहान प्रमाणात चालतो. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि प्रॅक्टिस क्लब या इथल्या संघांचा सामना असेल तर पाय ठेवायला जागा नसते, दोन्ही बाजूंचे समर्थक तिन्हीसांजेपर्यंत हटत नाहीत आणि दुसऱ्या दिवशी मिसळीच्या टेबलावर पंचांचा प्रत्येक निर्णय पुन्हा तपासला जातो. इतके वेड भारतात फार थोड्या गावांत असेल. पण तालीम संघांना आज जिंकायचे असते, त्यामुळे बाहेरून तयार खेळाडू आणले जातात आणि पेठेतला सतरा वर्षांचा पोरगा मैदानाबाहेर गोळा केलेले चेंडू आत फेकत राहतो. त्याच्या वयाच्या मुलांची वर्षभर चालणारी साखळी स्पर्धा असती तर त्याला वरिष्ठ संघात जागा मागावीच लागली नसती. उजवी बगल यांचा मुद्दा आम्हांला रोज दिसतो.

मांडवीतीर यांचा प्रतिसाद

गोव्याबद्दल दोन गोष्टी. विश्वचषकाच्या आदल्या वर्षी, सप्टेंबर २०१६ मध्ये, १६ वर्षांखालील आशियाई स्पर्धा गोव्यात झाली होती आणि तिच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. भारत संयुक्त अरब अमिरातीकडून २-३ असा हरला, सौदी अरेबियाशी ३-३ अशी बरोबरी केली आणि इराणकडून ०-३ असा पराभूत झाला. पाच गोल, म्हणजे हा संघ पुढे जाऊन खेळणारा होता. त्याचे प्रशिक्षक जर्मनीचे निकोलाय ॲडम होते. विश्वचषक जेमतेम आठ महिन्यांवर आला असताना त्यांना दूर केले गेले आणि मार्च २०१७ मध्ये पोर्तुगालचे लुईस नॉर्टन द मातोस आले. मातोस यांनी संघ बराचसा नव्याने निवडला आणि बचावावर भर दिला. वेळ एवढाच असताना त्यांचे कदाचित बरोबरही असेल, परंतु आधी एका पद्धतीने शिकलेल्या मुलांना परीक्षेच्या तोंडावर अभ्यासक्रम बदलून दिला गेला, हे विसरून चालणार नाही. सिक्कीमच्या कोमल थाटालसारखा चेंडू पायाशी खेळवणारा मुलगा अमेरिकेविरुद्धच्या सामन्यानंतर बाहेरच बसला.

दुसरी गोष्ट प्रेक्षकांची. फातोर्ड्याला इराणने जर्मनीला ४-० असे धुतले तेव्हा मडगावकरांनी इराणला आपलाच संघ असल्यासारखे उचलून धरले होते. स्पर्धेला एकूण १३ लाख ४७ हजारांहून अधिक प्रेक्षक आले आणि १९८५ मध्ये चीनमध्ये झालेल्या पहिल्या स्पर्धेचा विक्रम मोडला गेला. बघणाऱ्यांची वाण कधीच नव्हती.

पॅव्हेलियन यांचा प्रतिसाद

पंचगंगा यांनी ॲरोजचा उल्लेख केला, म्हणून पुढचेही सांगतो. पहिल्या सामन्यात ३-० जिंकलेला तो संघ १८ सामन्यांत १५ गुण मिळवून तक्त्यात शेवटी राहिला, पण महासंघाचा संघ असल्यामुळे त्याला खालच्या श्रेणीत जावे लागले नाही. धागाकर्त्यांना हवे असलेले चुरशीचे सामने या मुलांना मिळाले होते. मग ती पिढी वर का आली नाही?

उजवी बगल यांचा उपप्रतिसाद

ती पिढी वर आली, हेच तर त्याचे उत्तर आहे. जीक्सन, सुरेश सिंग वांगजम, अन्वर अली, अपुइया, राहुल, रहीम अली, कर्णधार अमरजित सिंग : हे सगळे पुढे वरिष्ठ राष्ट्रीय संघात पोहोचले. अपुइया तर मुंबई सिटीचा आणि भारताच्या मध्यफळीचा कणा ठरला. एका वयोगटाच्या एका संघातून इतके खेळाडू वर येणे आपल्याकडे त्याआधी क्वचितच घडले होते. खालच्या श्रेणीत जाण्याची भीती नसल्याने प्रशिक्षकांना अठरा वर्षांच्या मुलांना पुरुषांसमोर सलग खेळवता आले. नंतर तुकड्या बदलत गेल्या, त्यांची धार कमी होत गेली आणि २०२२ मध्ये महासंघाने तो संघ बंद केला. त्याच्या जागी आता रिलायन्स फाउंडेशनची विकास साखळी आहे आणि फिफाच्या साहाय्याने भुवनेश्वरला उभी राहिलेली अकादमी आहे, जिच्या उद्घाटनाला नोव्हेंबर २०२३ मध्ये आर्सेनल क्लबचे माजी प्रशिक्षक आर्सेन वेंगर आले होते. दोन्ही चांगल्या आहेत. पण बरोबरीच्या वयाच्या मुलांशी काही महिने खेळणे आणि पुरुषांशी पूर्ण हंगाम खेळणे यांत फरक आहे.

आणखी एक नोंद. ऑगस्ट २०१८ मध्ये स्पेनमधल्या कोतिफ चषकात प्रशिक्षक फ्लॉइड पिंटो यांच्या २० वर्षांखालील भारतीय संघाने अर्जेंटिनाला २-१ असे हरवले. अर्जेंटिनाच्या बाकावर लिओनेल स्कालोनी होते, जे चार वर्षांनी विश्वविजेते प्रशिक्षक झाले. अनिकेतला लाल कार्ड मिळाल्यामुळे भारत उत्तरार्धाचा बराच काळ दहा जणांनिशी खेळत होता आणि विजयी गोल अन्वरने फ्री-किकवर मारला तो त्यानंतर. पॅव्हेलियन म्हणतील की हा निमंत्रितांचा चषक आहे, त्याची गणती करू नका. करत नाही. फक्त हा संघ ॲरोजचा तो हंगाम खेळून आलेल्या मुलांवर उभा होता, एवढे पाहावे.

जुना धावफलक यांचा प्रतिसाद

२० वर्षांखालील संघाची नोंद नेहमीच अशी नव्हती. १९७४ मध्ये बँकॉकला झालेल्या आशियाई युवा स्पर्धेचा अंतिम सामना भारत आणि इराण यांच्यात २-२ असा बरोबरीत सुटला आणि दोघांना संयुक्त विजेते घोषित केले गेले. शब्बीर अली त्या संघाचे कर्णधार होते. इराण त्यानंतर विश्वचषकांना जात राहिला. पन्नास वर्षांनी, सप्टेंबर २०२४ मध्ये, याच वयोगटाच्या पात्रता फेरीत आपण इराणकडून ०-१ असे हरलो आणि त्या हरण्याला ‘चांगली झुंज’ म्हटले गेले.

सायली_क यांचा प्रतिसाद

मुलींचा उल्लेख अजून आलेला नाही. २०२२ मध्ये १७ वर्षांखालील मुलींचा विश्वचषकही भारतात झाला. भुवनेश्वरला भारत अमेरिकेकडून ०-८, मोरोक्कोकडून ०-३ आणि ब्राझीलकडून ०-५ असा हरला. भारताला मूळची २०२० ची स्पर्धा मिळाली होती, ती करोनामुळे आधी पुढे ढकलली जाऊन मग रद्द झाली आणि तिच्याऐवजी २०२२ ची मिळाली, त्यामुळे आधी तयार केलेल्या मुली वयाने बाद झाल्या, आणि स्पर्धेच्या दोन महिने आधी तर फिफाने भारतीय महासंघालाच काही दिवस निलंबित केले होते. अंतिम सामना नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाला. पण २०२५ मध्ये मुलींच्या १७ आणि २० वर्षांखालील अशा दोन्ही संघांनी मैदानावर जिंकून आशियाई स्पर्धेची पात्रता मिळवली. म्हणजे विशीच्या आतली जी पायरी मुलांना २००६ नंतर चढता आलेली नाही, ती मुलींनी चढली. या धाग्याच्या मुद्द्यासाठी हे मला महत्त्वाचे वाटते, कारण त्यांच्याकडे मुलांच्या तुलनेत पैसाही कमी आहे आणि सामनेही.

डॉ. अस्थिर यांचा प्रतिसाद

आतापर्यंत न आलेले एक कारण वैद्यकीय आहे. फिफा २००९ पासून १७ वर्षांखालील स्पर्धेत मनगटाची एमआरआय तपासणी करते. हाडाच्या टोकाशी असलेली वाढीची पट्टी पूर्ण भरून आली असेल तर खेळाडू बाद होतो. आपल्याकडेही हाडांच्या तपासणीवरून वय ठरवले जाते. या तपासण्यांमुळे खोटे दाखले बऱ्यापैकी अडतात, पण निवडीतला दुसरा दोष राहतोच. पंधराव्या वर्षी जो मुलगा लवकर वयात आलेला असतो, तो दाखल्यानेही आणि हाडानेही नियमात बसतो, इतरांपेक्षा दणकट दिसतो आणि निवडला जातो. एकोणिसाव्या वर्षी बाकीचे त्याच्या उंचीला आणि ताकदीला पोहोचतात, तेव्हा त्याच्याकडे वेगळे असे काही उरत नाही. उशिरा वाढणारा, पण चेंडूची जाण असलेला मुलगा तोवर फुटबॉल सोडून गेलेला असतो. उजवी बगल म्हणतात ती घसरण काही अंशी निवडीच्या वेळीच ठरलेली असते.

उजवी बगल यांचा प्रतिसाद

डॉक्टरांचा मुद्दा मला पूर्ण पटतो आणि तो पॅव्हेलियन यांच्या हरकतीलाही उत्तर देतो : बचावाने रोखता येते ते ताकदीच्या जोरावर, आणि ती ताकद उसनी असते.

ताजी स्थिती अशी आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये थायलंडकडून २-३ असे हरल्यामुळे १७ वर्षांखालील संघ २०२५ च्या आशियाई स्पर्धेला मुकला. नोव्हेंबर २०२५ मध्ये अहमदाबादला, पुन्हा बिबियानो यांच्याच हाताखाली, शेवटच्या सामन्यात इराणला २-१ असे हरवून संघाने २०२६ च्या स्पर्धेत जागा मिळवली. आधी लेबनॉनकडून ०-२ असे हरल्यामुळे तो सामना जिंकणे भागच होते आणि इराणने पहिला गोल केल्यावर मुलांनी तो फिरवला. दरम्यान या वयोगटाचा विश्वचषक ४८ संघांचा आणि दरवर्षी होणारा झाला आहे, त्यामुळे आशियाई स्पर्धेच्या उपांत्यपूर्व फेरीत पोहोचणाऱ्या आठही संघांना आता थेट जागा मिळते. २०१८ च्या संघाची कामगिरी आजच्या नियमांत विश्वचषकाला पुरेशी ठरली असती.

पॅव्हेलियन यांचा प्रतिसाद

म्हणजे दार रुंद झाले म्हणून आपण आत जाऊ, आणि पुन्हा फलक लागतील. लागू देत. मी मात्र अहमदाबादला इराणविरुद्ध खेळलेल्या त्या अकरा जणांची नावे लिहून ठेवली आहेत आणि २० वर्षांखालील संघाच्या पुढच्या पात्रता फेऱ्यांत त्यांतले किती उतरतात, आणि तोवर किती जण एखाद्या क्लबच्या पहिल्या संघात नियमित खेळत असतात, ते याच धाग्यावर नोंदवीन. निम्म्याहून अधिक निघाले तर उजवी बगल यांचे म्हणणे मान्य.